अलास्कातलं रशियन चर्च: कंपनीचं खातं?

दर्यावर्दी: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की अलास्कातलं ऑर्थोडॉक्स चर्च म्हणजे तिथला व्यापार आणि कारभार बघणाऱ्या रशियन-अमेरिकन कंपनीचं एक खातं, धर्म नावापुरता. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. १७९४ मध्ये अलास्काच्या कोडियाक बेटावर उतरलेले रशियातल्या वालाम मठाचे साधू पहिल्यापासून कंपनीच्या माणसांशी भांडत होते. अल्यूतांना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना, जबरदस्तीने शिकारीला जुंपतात, या तक्रारी त्यांनीच रशियाला धाडल्या. त्यांचा प्रमुख योआसाफ बिशप व्हायला पार सायबेरियात इर्कुत्स्कला गेला आणि १७९९ मध्ये परतताना जहाजासकट बुडाला. पुढचा बिशप इनोकेंती, थेट १८४० मध्ये! चाळीस वर्षं वर कुणी नाही, तरी चर्च टिकलं. खातं असतं तर केव्हाच टाळं लागलं असतं.

खवचट: तक्रारी करून झालं काय? कंपनीचा कारभारी बारानोव १८१८ पर्यंत खुर्चीला चिकटून होताच. कंपनीच्या १८२१ च्या सनदेनंतर पाद्र्यांचा खर्च कंपनीकडे, जहाजं कंपनीची. ज्याचं मीठ खायचं त्याच्याविरुद्ध तोंड उघडणार कोण?

मांडवीकर: निदान लोकांची भाषा तरी शिकले. हाच इनोकेंती १८२४ मध्ये साधा पाद्री म्हणून अल्यूतांच्या उनालास्का बेटावर आला आणि पानकोव या अल्यूत मुखियाला सोबत घेऊन त्यांची भाषा लिहायला लागला. आमच्या गोव्यात १६८४ मध्ये फर्मान निघालं: तीन वर्षांत पोर्तुगीज शिका, कोकणी सोडा.

खवचट: आलं गोवं! वाटच बघत होतो.

शारदा: अर्धंच सांगू नका. १६१६ मध्ये क्रिस्तपुराण मराठीत रचणारा स्टीफन्सही गोव्यातला जेझुइट पाद्रीच होता.

मांडवीकर: ते फर्मानाच्या आधीचं हो. माझी आजी चर्चमध्ये लॅटिन प्रार्थना घडाघडा म्हणायची. अर्थ विचारला की रागावायची.

शारदा: माझी आजी संस्कृत स्तोत्रं तशीच म्हणायची. त्याला कुठलं फर्मान लागलं?

मांडवीकर: सक्ती आणि सवय यात फरक आहे. तो कळत नसेल तर बोलणंच खुंटलं.

अँकरेजवासी: भांडण थांबवा जरा. मी राहतो तिथून जवळच एक्लुत्ना आहे. तिथल्या स्मशानात देनाइना या मूळ रहिवासी लोकांच्या थडग्यांवर छोटी लाकडी घरं उभी आहेत, लाल, निळी, पिवळी, ज्या त्या कुटुंबाचे रंग. आणि लगेच शेजारी तिरप्या दांडीचे ऑर्थोडॉक्स क्रूस. हे वरून आलेल्या हुकमाने होत नाही.

खवचट: बरं बाबा, तुमचे इनोकेंती थोर. झालं समाधान? आता कारभार बघा. बिशपची गादी आधी अलास्कात सिटकाला, मग रशियात याकुत्स्क, मग ब्लागोवेश्चेन्स्क. रशियाने अलास्का अमेरिकेला विकल्यावर वेगळा बिशप नेमला, तर तो १८७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन बसला. १९०५ मध्ये न्यूयॉर्क! उनालास्काच्या माणसाने गाऱ्हाणं न्यूयॉर्कला घालायचं?

दर्यावर्दी: गादी हलली, गावं हलली नाहीत. १८६७ नंतर कंपनी गुंडाळली, मग पगार कोण देत होतं?

खवचट: रशियाची तिजोरी. १९१७ पर्यंत.

दर्यावर्दी: आणि त्यानंतर? शंभर वर्षं उलटली, चर्चं चालूच आहेत.

खवचट: मान्य. पण ते श्रेय गावांना द्या, बिशपांना नको.

मांडवीकर: १६८४ बद्दल कुणी बोलणारच नाही का?