एफईएमध्ये (संगणकावरच्या स्ट्रेसच्या हिशोबात) पास, रिगवर (चाचणीच्या यंत्रावर) मात्र ब्रॅकेट तुटतोय. जास्त ताकदीचं स्टील घ्यावं का?

ऍक्सलवाला
नमस्कार मंडळी, जरा अडकलोय. मागच्या ऍक्सल ट्यूबवर शॉक ऍब्सॉर्बरचा खालचा ब्रॅकेट असतो ना, फिलेट वेल्डने बसवलेला, त्याची ड्युरॅबिलिटी टेस्ट चालू आहे. प्लेट ५ मिमी, स्टील ३५५ मेगापास्कल यील्डचं (म्हणजे तेवढ्या स्ट्रेसला कायमचं वाकायला लागणारं). एफईएमध्ये शॉकचा पीक रिबाउंड लोड (शॉक ताणला जातानाचा) लावला की वेल्डच्या कडेला १८० मेगापास्कलच्या आसपास स्ट्रेस येतो, म्हणजे यील्डच्या जेमतेम निम्मा, त्यामुळे डिझाइन रिव्ह्यूमध्ये कोणी काही बोललं नाही. पण रिगवर रोड लोडचा स्पेक्ट्रम लावला की टार्गेटच्या निम्म्या ते दोन तृतीयांश आयुष्यातच तडा जातोय, आणि प्रत्येक सॅम्पलला तिथेच. माइनरचा हिशोब (सगळ्या सायकलींच्या नुकसानाची बेरीज, १ झाली की पार्ट तुटतो) ०.७ दाखवतोय, म्हणजे कागदावर पार्ट टिकायला हवा होता.

आता टीममध्ये असं ठरतंय की ७०० यील्डचं स्टील घेऊन मोकळं व्हायचं, डिझाइनला हात लावायचा नाही. मला ते पटत नाहीये पण ठामपणे विरोध करायला नेमकं कारण सुचत नाहीये. कोणी यातलं काम केलेलं असेल तर सांगा प्लीज.

वेल्डटो
स्टील बदलू नका, निदान एवढ्यात तरी नको. वेल्ड जसा झाला तसाच ठेवलेला जॉइंट असेल तर त्याच्या फटीगला (वारंवारच्या लोडने तडा जाण्याला) प्लेटच्या यील्डचं जवळपास काही देणंघेणं नसतं. आयआयडब्ल्यूच्या (आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या) शिफारशीत किंवा बीएस ७६०८ या ब्रिटिश मानकात बघा, वेल्डचे जे एस-एन कर्व्ह (किती स्ट्रेसला किती सायकल टिकेल ते सांगणारे) दिलेत त्यात ३५५ साठी वेगळा आणि ७०० साठी वेगळा असं नाहीये, कर्व्ह जॉइंटच्या प्रकारावर ठरतो.

का ते सांगतो. गुळगुळीत पॉलिश केलेल्या सॅम्पलमध्ये आयुष्याचा मोठा भाग तडा जन्माला येण्यात जातो, धातूच्या कणांमध्ये घसरण्याच्या रेषा तयार होतात, त्या हळूहळू दाट होतात आणि मग कुठेतरी बारीक फट पडते, आणि इथे मजबूत स्टील खरोखर जास्त वेळ तग धरतं, साधारण टेन्साइल स्ट्रेंग्थच्या निम्म्यापर्यंत त्याची एन्ड्युरन्स लिमिट (ज्याखाली कितीही सायकल दिल्या तरी तुटत नाही ती पातळी) जाते. वेल्डच्या टोवर (वेल्डची बाहेरची कड प्लेटला मिळते तिथे) मात्र स्लॅगचे (वेल्डिंगच्या मळीचे) बारीक घुसलेले कण, अंडरकट (कडेची खाच) हे सगळं आधीपासूनच असतं, मिलिमीटरच्या काही दशांश खोलीचं. म्हणजे तडा जन्मायचा टप्पा जवळपास संपलेलाच असतो, उरतं ते फक्त तडा वाढणं. आणि तडा वाढायचा वेग, पॅरिस लॉमधला (दर सायकलला तडा किती वाढतो हे सांगणारा नियम), साध्या स्टीलमध्ये आणि भारी स्टीलमध्ये जवळपास सारखाच असतो. मग पैसे कशासाठी घालायचे?

अजून एक, वेल्ड थंड होताना आत ओढणारा रेसिड्युअल स्ट्रेस राहतो, तो यील्डच्या जवळपास पोचू शकतो. त्यामुळे तुमच्या सायकलचा दाबणारा भाग सुद्धा त्या जागी प्रत्यक्षात ओढणाराच राहतो आणि तडा उघडतो. म्हणून वेल्डमध्ये कमाल स्ट्रेस किती यापेक्षा रेंज (कमाल आणि किमान यातला फरक) किती हे बघतात. तुम्ही १८० म्हणताय ती रेंज आहे की नुसता पीक?

भारी स्टीलचा फायदा होतो, पण टो ग्राइंड केला, टिग ड्रेसिंग केलं (टो पुन्हा वितळवून गुळगुळीत केला) किंवा हॅमर पीनिंग केलं (ठोकून दाबला) तर. तेही तडा टोपासून सुरू होत असेल तरच.

सायकलमोज्या
वेल्डटो यांनी रेंजचा मुद्दा काढला तो फार महत्त्वाचा आहे आणि तो आजचा नाहीये. १८४२ मध्ये व्हर्सायजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला, इंजिनाचा ऍक्सल तुटून पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने ऍक्सलवर लिहिलं की जिथे व्यास अचानक बदलतो त्या कोपऱ्यापासून तडा हळूहळू आत जातो. त्या काळात लोकांचा समज होता की हादऱ्यांनी लोखंड स्फटिकासारखं ठिसूळ होतं. मग जर्मनीत व्होलरने १८५० आणि ६० च्या दशकांत रेल्वे ऍक्सलवर चाचण्या केल्या, फिरत्या शाफ्टला वाकवून, आणि त्यातून जे बाहेर आलं ते हेच की स्ट्रेस कमाल किती यापेक्षा तो कुठून कुठे जातो हा फरक आयुष्य ठरवतो. आणि यील्डच्या कितीतरी खाली असून सुद्धा पार्ट तुटतो. म्हणून "यील्डच्या निम्मा आहे" हे वाक्य फटीगच्या रिव्ह्यूमध्ये पुरेसं धरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्याने स्टॅटिक लोडला पार्ट वाकणार नाही एवढंच कळतं.

आता तुमच्या पार्टचा हिशोब. शॉक दोन्ही दिशांना जोर लावतो, रिबाउंडला जास्त आणि बंपला (शॉक दाबला जाताना) कमी. समजा रिबाउंडला +१८० आणि बंपला −९० येतोय. मग रेंज झाली २७०. वेल्डच्या कर्व्हचा स्लोप ३ धरला (म्हणजे रेंज वाढली की आयुष्य तिच्या घनाने घटतं) तर २७० भागिले १८० म्हणजे दीडपट, दीडचा घन ३.३७, म्हणजे आयुष्य तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आलं. तुमच्या एफईएमध्ये फक्त रिबाउंडचा पीक लावलाय, मग डॅमेजच्या हिशोबात बंपची बाजू धरली होती का हे आधी तपासा.

आणि माइनरच्या ०.७ वर फार विसंबू नका. पामग्रेनने १९२४ मध्ये बेअरिंगसाठी आणि माइनरने १९४५ मध्ये विमानांच्या ऍल्युमिनियमसाठी ही बेरीज मांडली, ती सोपी आहे म्हणून टिकलीय, पण आधी मोठी सायकल आली की नंतर, हे तिला कळत नाही. व्हेरिएबल ऍम्प्लिट्यूडच्या (लहानमोठ्या सायकली मिसळलेल्या) वेल्डसाठी आयआयडब्ल्यू स्वतःच बेरीज ०.५ च्या आत ठेवा म्हणतं. त्या मापाने तुमचा ०.७ हा नापासच आहे, रिगने काही वेगळं सांगितलेलं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये दोन सेटिंग बघा. एक, रेनफ्लो (उलटसुलट लोडमधून सायकल मोजायची पद्धत) केल्यावर छोट्या सायकल कुठल्या पातळीखाली फेकून दिल्यात. कॉन्स्टंट ऍम्प्लिट्यूडच्या (सगळ्या सायकल सारख्याच असतानाच्या) लिमिटखालच्या सायकल निरुपद्रवी असं गृहीत धरलं असेल तर इथे ते चालत नाही, कारण एकदा मोठ्या सायकलने तडा उघडला की छोट्या सायकली सुद्धा त्याला पुढे ढकलतात, म्हणून कर्व्ह गुडघ्यानंतर (तो जिथे वळतो त्यापुढे) सपाट न ठेवता स्लोप ५ ने पुढे न्यायचा. दोन, स्ट्रेस ऍम्प्लिट्यूड आणि रेंज यांची गल्लत, रेंज ऍम्प्लिट्यूडच्या दुप्पट असते, स्लोप ३ असेल तर ही गल्लत थेट आठपट आयुष्याची होते.

ऍक्सलवाला
खूप खूप धन्यवाद दोघांनाही. लगेच फाइल उघडून बघितलं. बंपची बाजू रोड डेटात आहे पण डॅमेजच्या हिशोबाआधी कोणीतरी ऋण बाजू शून्यावर कापलीय, "दाबणारा स्ट्रेस डॅमेज करत नाही" अशी नोंद पण आहे तिथे. आणि गुडघ्यानंतरचा कर्व्ह सपाटच आहे. म्हणजे बराचसा फरक इथेच निघेल असं दिसतंय. मग वेल्डचा टो ग्राइंड करून घेऊ का? तो उपाय प्रॉडक्शनला सांगता येईल.

तुटकापाहणारी
थांबा, ग्राइंडिंगचं नंतर. तुटलेला पार्ट कापून बघितलाय का कोणी? या धाग्यात अजून तडा कुठून सुरू झाला हे कोणीच सांगितलेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तेच बघायला हवं. तडा टोपासून निघालाय की रूटपासून (वेल्डच्या आतल्या कोपऱ्यापासून) यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

कसं बघायचं ते लिहिते. तडा पूर्ण उघडा, पण उरलेला भाग दुसऱ्या बाजूने कापून मग वाकवा, म्हणजे मूळ पृष्ठभागाला धक्का लागणार नाही. दोन तुकडे पुन्हा एकमेकांवर बसवून बघायचा मोह होतो, तो टाळा, त्याने बारीक खुणा चेपल्या जातात. वायर ब्रश अजिबात नको, हाताचा घाम पण नको, तेलाचा हलका थर देऊन कोरड्या जागी ठेवा. मग तिरप्या उजेडात बघा. फटीगचा भाग तुलनेने सपाट आणि बारीक पोताचा असतो, त्यावर वळणदार रेषा दिसतात, बीच मार्क्स, त्या रेषा ज्या बिंदूभोवती वळलेल्या असतात तिथून तडा सुरू झाला. शेवटी झटक्यात तुटलेला भाग खडबडीत असतो. हा शेवटचा भाग छोटा असेल तर तुटताना लोड कमी होता, मोठा असेल तर जास्त होता, एवढ्यावरून सुद्धा बराच अंदाज येतो. कडेला जवळजवळ छोट्या पायऱ्या दिसल्या तर समजा अनेक ठिकाणी एकदम तडे सुरू झाले आणि नंतर जुळले, म्हणजे त्या पूर्ण रेषेवर स्ट्रेस जास्त आहे.

एकाच पातळीच्या लोडवर चालवलेल्या सॅम्पलवर बीच मार्क्स दिसतीलच असं नाही. तुमचा स्पेक्ट्रम आहे म्हणजे बहुतेक दिसतील. नाही दिसले तर पुढच्या सॅम्पलला मधूनमधून कमी रेंजचा एक ब्लॉक चालवा, तडा त्या वेळी कुठे होता याची रेषा उमटते.

आणि त्याच वेल्डचा दुसरा एक आडवा काप घ्या, पॉलिश करून नायटलने (सौम्य नायट्रिक आम्लाने) एच करा, पेनिट्रेशन (वेल्ड किती आत गेलाय) किती झालंय ते नुसत्या डोळ्यांनी कळेल.

ऍक्सलवाला
ताई, तुम्ही सांगितलंत तसंच केलं, आणि बरं झालं ग्राइंडिंगचं कोणाला बोललो नाही. तडा टोवर नाहीच. रेषा सगळ्या आतल्या बाजूकडे वळलेल्या आहेत, म्हणजे प्लेट आणि ट्यूब जिथे एकमेकांना टेकतात त्या रूटपासून सुरू होऊन वेल्डच्या गळ्यातून (वेल्डच्या सगळ्यात कमी जाडीतून) बाहेर आलाय. कडेला पायऱ्या पण आहेत, बऱ्याच. एच केलेल्या कापात प्लेट आणि ट्यूबमध्ये फट स्पष्ट दिसतेय आणि पेनिट्रेशन जेमतेम आहे. आता कळलं की डाय पेनिट्रंट (बाहेरचा तडा रंगाने दाखवणारी तपासणी) करून सुद्धा आम्हाला तडा शेवटपर्यंत का दिसत नव्हता, तो बाहेर यायच्या आधी बहुतेक सगळं आयुष्य संपलेलं असायचं.

वेल्डटो
हे कळलं ते फार चांगलं झालं. आता माझ्या वरच्या पोस्टमधलं टोबद्दलचं सगळं, ग्राइंडिंग, टिग ड्रेसिंग, पीनिंग, बाजूला ठेवा. रूटला तिथून पोचताच येत नाही. उलट टो सुधारला तरी आयुष्य तेवढंच राहतं.

आकडे बघा म्हणजे फरक कळेल. टोसाठी हॉट स्पॉट पद्धतीत (टोजवळच्या स्ट्रेसवरून टोवरचा स्ट्रेस काढतात त्यात) लोड वाहणाऱ्या फिलेटला फॅट ९० धरतात, म्हणजे २० लाख सायकलला ९० मेगापास्कलची रेंज. रूटमधून तुटणाऱ्या फिलेटला गळ्यातल्या स्ट्रेसवर फॅट ३६ धरतात. तुमच्या शेल मॉडेलमध्ये १८० दिसला तो टोच्या बाजूचा, वेल्डच्या गळ्यातला स्ट्रेस बहुतेक कोणी काढलेलाच नसेल. तो हाताने काढा, लोड भागिले गळ्याचं क्षेत्र आणि मोमेंट भागिले गळ्याचा सेक्शन मॉड्युलस, आणि एका बाजूने वेल्ड असेल तर वाकण्याचा भाग धराच, रूटवर तोच जास्त त्रास देतो.

उपाय: पहिल्यांदा फिटअपमधली (वेल्डआधी तुकडे जुळवून बसवतानाची) फट आटोक्यात आणा, फट असली की लेग (वेल्डची बाहेरून मोजायची बाजू) मापात दिसते पण आत गळा कमीच राहतो. मग पेनिट्रेशन, प्लेटच्या कडेला बेव्हल (तिरका काप) देऊन. आणि जमत असेल तर वेल्डची सुरुवात आणि शेवट ब्रॅकेटच्या टोकाला न ठेवता वळवून कमी स्ट्रेसच्या जागी न्या, ही गोष्ट ड्रॉइंगवर लिहिलेली नसेल तर वेल्डर त्याच्या सोयीने कुठेही थांबतो आणि त्यात त्याची काही चूक नाही.

सायकलमोज्या
त्यात एक भर. बाकी सगळ्याशी सहमत.

दुरुस्त केलेला ब्रॅकेट तपासताना स्ट्रेन गेज (ताण मोजणारी चिकटपट्टी) पण लावा, टोपासून प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावर, तुमच्या ५ मिमीला म्हणजे २ आणि ५ मिमी, आणि हॉट स्पॉट काढा १.६७ गुणिले पहिला वजा ०.६७ गुणिले दुसरा. रूट मजबूत झाला की पुढचा कमजोर दुवा टोच असणार आहे, तेव्हा तिथला खरा आकडा आत्ताच हातात असू दे.

आणि एक सॅम्पल टार्गेट पार गेला म्हणून रिपोर्ट बंद करू नका. फटीगमध्ये एकाच बॅचच्या पार्टमध्ये सुद्धा आयुष्य दुप्पट तिप्पट इकडेतिकडे होतं. टार्गेटपर्यंत एकही न तुटता ९० टक्के रिलायबिलिटी ९० टक्के खात्रीने सांगायची तर २२ सॅम्पल लागतात, ०.९ चा २२ वा घात ०.१ च्या खाली जातो म्हणून. तेवढे कोणी देत नाही हे खरंय. म्हणून टार्गेटवर थांबू नका, तुटेपर्यंत चालवा. थोडेच सॅम्पल असले तरी ते तुटले की वायबुल प्लॉट (आयुष्य किती पसरलंय ते दाखवणारा आलेख) काढता येतो आणि कुठून तुटले हेही कळतं.

ऍक्सलवाला
ठीक, तुटेपर्यंतच चालवतो. उद्या फिटअपची जिग (तुकडे पकडून ठेवायचा साचा) बघायला जातोय, हिशोब ऋण बाजू धरून पुन्हा लावलाय, तो रात्रभर चालेल. स्टील ३५५ च राहील असं टीमला कळवलंय, सोबत कापाचा फोटो जोडला, त्यावर कोणी वाद घातला नाही.

तुटकापाहणारी
नवीन जिगमधला पहिला पार्ट टेस्टला लावायच्या आधी त्याच बॅचमधला एक कापून एच करून बघा. आणि तुटतील त्यांचे पृष्ठभाग इथे टाका, तेल लावलेलेच.