शब्दचर्चा : दारू ‘सोडली’ की ‘सुटली’?

सबटायटलवाली, गोरेगाव
एका अमेरिकन चित्रपटाची मराठी सबटायटलं करतेय. नायिका दारू आणि गोळ्यांपायी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होते आणि निम्म्याहून जास्त चित्रपट तिथल्या गटसभांमध्ये घडतो. मारामारी नाही, पाठलाग नाही, नुसती बोलणारी माणसं. शब्द चुकला की दृश्यच गेलं. अडलेले शब्द : रिहॅब, सोबर, रिलॅप्स, डिनायल, एनेबलर, रिकव्हरी. मला दिलेल्या शब्दसूचीत अनुक्रमे ‘पुनर्वसन, शांत, पुनरावर्तन, नकार, सक्षमकर्ता, पुनर्प्राप्ती’ असं आहे. ‘सक्षमकर्ता’ वाचल्यावर उठून चहा ठेवला. ओळीला ४२ अक्षरांची मर्यादा आहे, तेव्हा स्पष्टीकरणं देत बसता येणार नाही.

लालबागकर
‘पुनर्वसन’ आधी काढा. मुंबईत तो शब्द एसआरएने, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने, कधीच ताब्यात घेतलाय. ‘धाकटा पुनर्वसनात आहे’ असं आमच्या चाळीत म्हटलं तर पुढचा प्रश्न ‘किती स्क्वेअर फूट मिळाले?’ हाच येणार. ‘व्यसनमुक्ती केंद्र’ लिहा, आणि पात्र घाईत बोलत असेल तर नुसतं ‘केंद्र’. घरचे तसंच बोलतात, ‘केंद्रात ठेवलाय’. अर्थात घरातल्या घरात. शेजाऱ्यांसाठी तो ‘गावी गेलाय’.

‘सोबर’ तसाच ठेवायचा मोह होईल, पण मराठीत सोबर असते ती साडी, नाहीतर भिंतीचा रंग. ‘मी नव्वद दिवस सोबर आहे’ म्हणजे बाईंनी तीन महिने भडक काही नेसलं नाही! आपल्याकडे दारूचं नावही घ्यावं लागत नाही. ‘तुम्ही घेता का?’ एवढ्यात सगळं येतं. तेव्हा ‘नव्वद दिवस झाले, घेतली नाही.’ गोळीही स्त्रीलिंगीच, त्यामुळे दोन्ही व्यसनं एका क्रियापदात भागतात.

कोशातला किडा
‘घेणे’ इतकं सोज्ज्वळ क्रियापद दारूला मिळालं, त्यात आश्चर्य नाही. या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा कागदावर अजून आहे आणि पिणाऱ्याला परवाना लागतो. बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असतं ते त्यामुळेच. अवांतर झालं, चालू द्या.

निवृत्त सिस्टर, शीव
‘पुनरावर्तन’ हा शब्द मी फक्त छापील पत्रकात पाहिला. वॉर्डात कोणी उच्चारल्याचं आठवत नाही. डॉक्टर ‘रिलॅप्स’ म्हणायचे, नातेवाईक ‘परत सुरू झालं’ म्हणायचे. पण मराठीत याला अगदी नेमकं क्रियापद आहे आणि ते आपण रोज वापरतो : टायफॉइड उलटतो. बरं वाटायला लागलेलं दुखणं पथ्य मोडल्याने किंवा काहीच न मोडता परत अंगावर येतं, तेव्हा ‘ताप उलटला’ म्हणतात आणि त्यात रोग्याच्या चारित्र्यावर कोणी शेरा मारत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ मध्ये मद्यासक्तीला आजार म्हटलं. आजार म्हणायचं असेल तर मग तो उलटतो. ‘तिचं दुखणं उलटलंय’ असं डॉक्टरांच्या तोंडी द्या.

जाता जाता : गटसभेतलं कोणी ‘कोल्ड टर्की’ (व्यसन एकदम बंद करणं) म्हणत असेल तर आपल्याकडच्या गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, पेशंटांकडे ‘टर्की’ हा शब्द आधीच आहे. त्याचा पक्षी करू नका. आणि दारू एकदम बंद केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, भास होणं, कधी फिट येणं हे जिवावर बेतू शकतं. चित्रपटात तसं दृश्य असेल तर तिथे ‘विथड्रॉवल’ला ‘माघार लक्षणे’ लिहून हसू आणू नका. ‘दारू बंद केल्याचा त्रास’ पुरे.

नाटकवेडा
‘उलटलं’ला माझा विरोध नाही, पण प्रेक्षकाला आधी उलटी आठवेल. ‘घसरली’ का नको? ‘स्लिप’ हा गटसभावाल्यांचाच शब्द आहे. आपल्या रंगभूमीवरही ‘एकच प्याला’तला सुधाकर दारू सोडतो, काम मागायला जातो, अपमान होतो आणि परत प्याल्याकडे वळतो. घसरणच ती.

सबटायटलवाली, गोरेगाव
सुधाकर पुरुष होता. मराठीत बाईचा पाय घसरला म्हणजे काय अर्थ घेतात ते तुम्हालाही माहीत आहे. माझी नायिका एक ग्लास प्याली आहे, शेजाऱ्याबरोबर पळून गेलेली नाही. ‘उलटलं’ घेते. मागे ‘दुखणं’ आलं की उलटीचा गोंधळ होत नाही.

नाटकवेडा
मान्य. गडकऱ्यांचा विषय निघालाच आहे तर, त्याच नाटकातल्या तळीरामाचं पुढे सामान्यनाम झालं. वर्तमानपत्रं अजून ‘तळीरामांवर कारवाई’ छापतात. गटसभेत मात्र तो शब्द चुकूनही घालू नका. त्यात हसू आहे, आणि तिथे कोणी हसत नसतं.

नाव नाही
आमच्याकडे नाव सांगायची पद्धत नाही, म्हणून हेच टोपणनाव. वांद्र्याला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जातो. शीर्षकातल्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

‘त्याने दारू सोडली’ यात करणारा माणूस आहे. ‘त्याची दारू सुटली’ यात करणारी दारू आहे, माणूस षष्ठीत गेला. मराठी या बाबतीत फार शहाणी आहे. दारू लागते, चढते, भिनते, उतरते, सुटते, सगळीकडे कर्ता दारूच. माणसाच्या वाट्याला पिणं आणि सोडणं, एवढंच. १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रन गावी दोन पिणाऱ्यांनी आमची संघटना सुरू केली. तिची पहिली पायरीच अशी की दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करायचं. ज्याने हे कबूल केलं तो ‘मी सोडली’ म्हणायला कचरतो. नवा आलेला मात्र छातीठोकपणे म्हणतो, ‘मी सोडलीय.’ मागच्या खुर्च्यांवरची जुनी मंडळी एकमेकांकडे बघतात.

पण ‘सुटली’ही आम्ही म्हणत नाही. ते घरचे म्हणतात, ‘सुटली बाई एकदाची.’ त्यात काम संपल्याचा सुस्कारा आहे. आम्ही म्हणतो, ‘आज घेतली नाही.’ उद्याचं उद्या.

सबटायटलवाली, गोरेगाव
दादा, याने तीन दृश्यं सुटली. (हे ‘सुटली’ कोडं सुटल्यातलं.) पहिल्या सभेत ती तोऱ्यात ‘मी सोडलीय’ म्हणेल. फोनवर आई ‘सुटली ना गं?’ विचारेल. शेवटच्या सभेत ती ‘आज घेतली नाही’ म्हणेल. मूळ इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच शब्द आहे.

लालबागकर
गिरणगावात आणखी एक होतं, ‘माळ घातली’. तुळशीची माळ गळ्यात आली की मटण आणि दारू दोन्ही बंद, आणि आग्रह करणाऱ्यालाही गप्प बसावं लागतं. न घेण्याचं कारण सांगायची गरजच उरत नाही. अमेरिकन बाईच्या गळ्यात घालता येणार नाही, पण शब्द मोलाचा आहे.

निवृत्त सिस्टर, शीव
आणि त्याचा खोटा भाऊ म्हणजे ‘श्रावण पाळतो’. गटारीला बुडेपर्यंत प्यायची, महिनाभर बंद ठेवायची आणि वर म्हणायचं, ‘व्यसन असतं तर श्रावण पाळला असता का?’ डिनायलचं याहून चांगलं मराठी उदाहरण मला माहीत नाही. ‘नकार’ मात्र साफ चूक. नकार समोरच्याला देतात. इथे माणूस स्वतःशीच कबूल करत नाही. ‘तू मान्यच करत नाहीस’ लिहा, नाम शोधत बसू नका.

कोशातला किडा
‘एनेबलर’ला ‘पाठीशी घालणारा’. ऑफिसात ‘ताप आहे’ असा खोटा फोन करणारी बायको, उधारी फेडणारा भाऊ, सगळे यात बसतात. दुसरा शब्द शोधूच नका.

‘ॲडिक्ट’ राहिला. ‘व्यसनी’ला संस्कृतात लांबचा इतिहास आहे. मुळात व्यसन म्हणजे संकट. ‘उत्सवे व्यसने चैव’ या सुभाषितात बांधव दारूच्या गुत्त्यावर नाही, अडचणीत सोबत उभा असतो. कौटिल्य अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात फोड करतो : जे माणसाला श्रेयापासून दूर फेकतं ते व्यसन. आज मात्र ‘व्यसनी’ म्हणजे शिवी नाही तरी शेरा आहेच. ‘गर्दुल्ला’ तर थेट शिवी, मुंबईच्या फुटपाथवरची. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये, १९८६ पासून चालू असलेल्या केंद्रात, ॲडिक्टला ‘रुग्णमित्र’ म्हणतात.

नाव नाही
‘रुग्णमित्र’ केंद्राने आम्हाला म्हणायला छान. स्वतःबद्दल बोलताना मी ‘मी दारुडा आहे’ म्हणतो आणि तो शब्द मला हवाच असतो. दुसऱ्याने म्हटलं तर भांडण होईल. तुमच्या चित्रपटात जो स्वतःची ओळख करून देतोय त्याच्या तोंडी ‘दारुडा’ राहू द्या, मऊ करू नका.

सबटायटलवाली, गोरेगाव
ठेवते. आता ‘रिकव्हरी’. ‘पुनर्प्राप्ती’ वाचून बँकेची वसुली आठवते, आणि ‘बरी झाले’ म्हटलं तर पुन्हा काम संपल्यासारखं. नायिकेला तिथे ‘अजून चालू आहे’ असंच म्हणायचंय.

निवृत्त सिस्टर, शीव
‘बरी होतेय.’ आणखी काही नको.

लालबागकर
‘होते आहे’ की ‘होतेय’?

सबटायटलवाली, गोरेगाव
‘होतेय’. त्या ओळीत आधीच ३९ अक्षरं झालीत.