टिपूची गाठ

२०३ ताई: आमच्या कुत्र्याचे, टिपूचे, गाठ काढल्याचे टाके काल निघाले. चाटू नये म्हणून गळ्यात घातलेलं भोंगं अजून दाराला अडकतंय, बाकी मजेत. गाठीचा रिपोर्टही आला.

तळमजला अण्णा: बरा झाला. मी तेवाच म्हटलंय, गोचीड असतलो. चुनो लावल्यान असतो तर खर्च वाचलो असतो.

२०३ ताई: गोचीड नव्हता हो अण्णा. मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कातडीतल्या मास्ट नावाच्या पेशींची गाठ. सकाळी वाटाण्याएवढी गाठ, जरा हात लागला की संध्याकाळी सुपारीएवढी, दुसऱ्या दिवशी परत लहान. त्या पेशींत हिस्टामिन नावाचं सूज आणणारं रसायन भरलेलं असतं. चोळलं की ते सुटतं नि भोवती सुजतं. त्यानेच पोटात अल्सरही होतात, म्हणून शी काळी होते का बघायला सांगितलं होतं. चुना, हळद, शेक काही नको.

३०१ दादा: म्हणजे कॅन्सरच ना? आता किती दिवस?

२०३ ताई: मीही हेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट येईपर्यंत मी काही बोलणार नाही. गाठीभोवती २ सेंटिमीटर चांगली कातडी नि खालचा एक थर काढला, म्हणून एवढ्याशा गाठीला वीतभर टाके. रिपोर्ट लो ग्रेड, म्हणजे कमी घातक, नि कडा स्वच्छ, म्हणजे कापलेल्या कडेला गाठीच्या पेशी नाहीत. अशी पूर्ण निघाली तर बहुतेक कुत्र्यांना पुढे औषधही लागत नाही. हाय ग्रेड असती तर गोष्ट वेगळी. ही दोन ग्रेडची पद्धत २०११ च्या एका अभ्यासातली, त्यात हाय ग्रेडचे निम्मे कुत्रे ४ महिनेही टिकले नव्हते.

१०४ काकू: आमच्या ब्राउनीची गाठ डॉक्टरांनी बोटाने दाबून 'चरबीची' म्हटलं, काढली नि बादलीत टाकली. दसऱ्याला काढलेली, शिमग्याला त्याच जागी परत. तपासायला पाठवतात हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

२०३ ताई: काकू, बोटाला कळतच नाही. चरबीची मऊ लागते, ही पण कधीकधी तशीच लागते. आधी सुईने थोडं ओढून काचेवर बघतात. काढलेली गाठ फॉर्मालिनच्या, म्हणजे ती टिकवणाऱ्या द्रावाच्या, बरणीत घालून तपासायला मुंबईला कुरिअर. बरणी पाठवल्याशिवाय मी तिथून हललेच नाही.

सेक्रेटरी: कुत्र्यांचं चालू द्या, पण टँकर उद्या ७ ला आहे, तो निरोप वर गेलाय.

३०१ दादा: आमच्या पिल्लाच्या कानावर लाल बटणासारखं आलंय. वर्षाचं आहे.

२०३ ताई: तरण्या कुत्र्यांत तशी एक साधी गाठ येते, हिस्टिओसायटोमा. दोन-तीन महिन्यांत आपली आपण जाते. पण तीच आहे हे सुईने ठरवा, माझ्या मेसेजवर नको.

तळमजला अण्णा: बरा गो. चुन्याची डबी आत ठेवतंय. टिपूक बांगडो चलता?

२०३ ताई: काटे काढून, बिनमिठाचा. आणि दर महिन्याला त्याचं अंग चाचपायचंय, तो मला धरू देत नाही. तुम्ही या.