व्ही-८ इंजिनची खडखड : 'डी'त टाकली की गायब, 'एन'मध्ये पुन्हा हजर

चक्रधर७२
गाडी शेव्हरोले नोव्हा, १९७२. इंजिन ३५० क्युबिक इंच, म्हणजे ५.७ लिटर. गिअरबॉक्स टर्बो-हायड्रामॅटिक ३५०, तीन गिअरचा ऑटोमॅटिक. कार्बुरेटर आणि पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर मूळचेच आहेत.

'पार्क' आणि 'न्यूट्रल'मध्ये इंजिनच्या मागच्या बाजूने, खालून खडखड येते. आयडलला कमी, १२०० ते १५०० आरपीएमला सर्वात जास्त. ब्रेक दाबून 'डी'त (ड्राइव्ह) टाकली की आवाज जवळजवळ बंद. थंड-गरम असा फरक नाही. गरम इंजिनवर ऑइल प्रेशर आयडलला २० पीएसआय, २००० आरपीएमला ४०. एका गॅरेजवाल्याने बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टला, जोडतो तिथलं) गेलंय म्हणून इंजिन उतरवायला सांगितलंय. त्याआधी घरी काय काय तपासता येईल?

टॅपेट_टिकटिक
बेअरिंगची शंका अगदीच चुकीची नाही, बिग एंडचा आवाजही खालूनच येतो. पण ते इतकं झिजलं असेल तर गरम तेलावर प्रेशर सहसा पडतं. तुमचे आकडे चांगले आहेत.

तरी खात्री करून घ्या. आयडलला एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने काढून लगेच ब्लॉकला अर्थ करा. वायर नुसती हवेत लटकत ठेवली तर कॉइलवर ताण येतो. बेअरिंगचा आवाज असेल तर ठरावीक सिलिंडर बंद केल्यावर ठोका स्पष्ट मवाळ होईल. आठही सिलिंडरवर काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगचा विचार सध्या मागे ठेवा.

उजव्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या तोंडाशी हीट रायझर व्हॉल्व्ह (थंड इंजिन लवकर गरम करणारी एक्झॉस्टमधली झडप) आहे, तोही पाहा. त्याची स्प्रिंग तुटली की पाकळी ठराविक आरपीएमला वाजते आणि आवाज थेट इंजिनच्या पोटातून आल्यासारखा वाटतो. इंजिन थंड असताना हाताने हलवून बघा. एक्झॉस्ट पाइप कुठे बॉडीला टेकतोय का, हेही त्याच फेरीत बघून होईल.

बेलहाउसिंग
'डी'त बंद आणि 'एन'मध्ये चालू, या एका वाक्यावर माझा पहिला संशय फ्लेक्सप्लेटवर आहे. मॅन्युअल गाडीत जाड ओतीव फ्लायव्हील असतं, ऑटोमॅटिकमध्ये त्याच जागी पत्र्याची पातळ चकती. मधोमध ती क्रँकला बोल्ट केलेली असते, कडेला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा डबा) लटकतो. क्रँकच्या बोल्टांभोवती तडा गेला की भार नसताना इंजिनच्या प्रत्येक झटक्याबरोबर तड्याच्या कडा एकमेकींवर आपटतात. गिअरमध्ये टाकल्यावर भार एका दिशेने येतो, कडा दाबून बसतात आणि आवाज विरतो. हा ठोका बिग एंडसारखाच ऐकू येतो, त्यामुळे चांगली इंजिनंसुद्धा उगाच उघडली जातात.

आधी टायमिंग लाइटने (प्लगच्या ठिणगीबरोबर झगमगणारा दिवा) आवाजाची लय बघा. क्लिप एक नंबरच्या वायरवर. क्रँकच्या दोन फेऱ्यांत एक झगमग होते. आयडल जमेल तितकं खाली आणा. एका झगमगीला एकच ठोका असेल तर आवाज कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टच्या) वेगाचा, म्हणजे टॅपेट, रॉकर किंवा ब्लॉकवरचा यांत्रिक फ्युएल पंप. दोन ठोके असतील तर क्रँकच्या वेगाचा, म्हणजे बिग एंड, फ्लेक्सप्लेट किंवा कन्व्हर्टर.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर खाली शिरू नका) आणि बेलहाउसिंगच्या (इंजिनला टेकणारा गिअरबॉक्सचा घंटेसारखा पुढचा भाग) खालचं पत्र्याचं झाकण उतरवा. समोरच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने फिरवत कन्व्हर्टरचे तिन्ही बोल्ट तपासा. त्यातला एक जरी ढिला असला तरी नेमका असाच आवाज येतो, आणि काम तिथेच आटोपतं. भोकं लांबट झालीत का, बोल्टभोवती गंजासारखी लालसर पूड आहे का, तेही पाहा. बोल्ट घट्ट असतील तर जाड स्क्रू-ड्रायव्हरने रिंग गिअरची (प्लेटच्या कडेची दातेरी रिंग, स्टार्टर हिलाच फिरवतो) कड हलकेच पुढेमागे दाबा. कड हलते पण क्रँक नाही, किंवा 'कट्' असा आवाज येतो, तर तडा आहे. मधला भाग खालून दिसत नाही, म्हणून तडा डोळ्यांना दिसला नाही एवढ्यावर प्लेट चांगली ठरवू नका.

चक्रधर७२
आठही प्लग करून पाहिले, फरक शून्य. एका झगमगीला दोन ठोके. हीट रायझर घट्ट आहे. कन्व्हर्टरचे बोल्टही घट्ट, पण रिंग दाबली की बारीक 'कट्' येतो आणि रिंग फिरताना थोडी लहरते. सेल्फ मारताना अधूनमधून दात घासल्याचा आवाज येतो, त्याचाही याच्याशी संबंध असेल का?

बेलहाउसिंग
हो, रिंग लहरते तेव्हा स्टार्टरचे दात कुठे खोल बसतात, कुठे उथळ. गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, इंजिन जागेवर राहू द्या. बॉक्स मागे ओढताना कन्व्हर्टरला पट्टी बांधा. त्यात बरंच तेल असतं, आणि तो पायावर पडण्याइतका जडही असतो.

नवी प्लेट घेताना जुनीचे दात मोजा, १५३ किंवा १६८. दोन्हींचा व्यास वेगळा आणि स्टार्टरही वेगळा. तुमचं इंजिन आतून बॅलन्स केलेलं आहे, त्यामुळे प्लेटवर वजन नको. ४०० क्युबिक इंचाची वजनवाली प्लेट याच भोकांवर बसते आणि मग गाडीभर थरथर सुरू होते. १९८६ पासूनच्या इंजिनांची प्लेट मात्र बसणारच नाही, बोल्टांचं वर्तुळ बदललंय.

क्रँकचे सहा बोल्ट आडवे-तिडवे ८१ न्यूटन-मीटर, कन्व्हर्टरचे तीन ४७, दोन्हीकडे थ्रेडलॉक. कन्व्हर्टरला लांब बोल्ट वापरू नका, टोक आतल्या पत्र्याला पोचा पाडतं.

डाॅवेलपिन
नवी प्लेट बसवण्याआधी जुनी का तडकली ते शोधा, नाहीतर नवीही जाईल. ब्लॉकच्या मागच्या तोंडावर दोन डाॅवेल पिना (बेलहाउसिंग नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्या) असायला हव्यात. इंजिन कधी उतरवलं असेल तर त्या हरवलेल्या असू शकतात. त्यांच्याशिवाय बेलहाउसिंग केसभर बाजूला बसतं आणि प्लेट प्रत्येक फेरीत वाकते. ब्लॉक आणि बेलहाउसिंगमध्ये अडकलेली वायर किंवा रंगाचा थर यानेही तेच होतं.

कन्व्हर्टर बसवताना फिरवत फिरवत आत ढकला. शाफ्ट, स्टेटर आणि पंप अशा तीन टप्प्यांत तो बसतो. बॉक्स ब्लॉकला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि प्लेटपासून ३ ते ५ मिलिमीटर मागे असला पाहिजे. अंतर शून्य असेल तर थांबा. तो पंपात पूर्ण बसलेला नाही, आणि बेलहाउसिंगचे बोल्ट आवळून ओढून घेतलात तर पंप फुटेल. ५ च्या वर असेल तर तिन्ही ठिकाणी सारख्या जाडीचे वॉशर घाला.

चक्रधर७२
दोघांचेही आभार. बॉक्स खाली येणारच आहे तर इंजिनचं मागचं ऑइल सीलही बदलून टाकू का? थोडा ओलावा आहे तिथे.

टॅपेट_टिकटिक
या इंजिनात ते सील दोन तुकड्यांचं आहे, मागच्या बाजूने काढता येत नाही. ऑइल पॅन आणि मागची मेन कॅप उतरवावी लागते. थेंब पडत नसतील तर आत्ता हात लावू नका. त्याऐवजी गिअरबॉक्सच्या पंपाचं पुढचं सील बदला, ते समोरच उघडं असेल. आणि ओलावा लाल आहे की काळपट ते पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. लाल असेल तर ते गिअरबॉक्सचं तेल, गळती इंजिनची नाहीच. शेवटी डेक्सरॉन (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) भरून पातळी गरम तेलावर, इंजिन चालू ठेवून 'पार्क'मध्ये बघा.