मदत हवी आहे: कृष्णाकाठी गळ टाकायला जायचंय. ७२ वर्षांचे वडील, ११ वर्षांचा मुलगा आणि मगरी

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

पोराला नाताळची सुट्टी आहे आणि अण्णांनी (माझे वडील) फर्मान काढलंय की या वेळी महाबळेश्वर नको नि गोवा नको, गावाकडं जायचं आणि तीन दिवस नदीला गळ टाकून बसायचं. गाव म्हणजे सांगली जिल्ह्यात, भिलवडीच्या अलीकडे, कृष्णेच्या अगदी काठावर. तिथं आता आमचं कुणीच राहिलेलं नाही, घर विकलं त्याला वीस वर्षं झाली, त्यामुळे "काकाला फोन कर" हा सल्ला कृपया देऊ नका, काकाच नाही.

मागच्या मे महिन्यात आम्ही एक प्रयोग करून बसलोय. जाहिरातीत 'रिव्हर फिशिंग' लिहिलेलं एक कृषी पर्यटन केंद्र बुक केलं, नाव घेत नाही. गेल्यावर कळलं नदी चार किलोमीटरवर आणि फिशिंग म्हणजे प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं, त्यात चिलापी सोडलेली, धराल ती किलोवर विकत घ्यायची. अण्णांनी दहा मिनिटांत चार काढल्या आणि गळ गुंडाळून ठेवला. म्हणाले, "हे म्हंजे खुराड्यातली कोंबडी धरल्यागत झालं." त्यानंतर दोन दिवस ते आंब्याखाली पेपर वाचत बसले होते. म्हणून या वेळी खरी नदी हवी.

आता अडचण. अण्णांच्या लहानपणी ते याच नदीत पोहायला शिकले, म्हशी धुतल्या, रात्री वाम धरायला कंदील घेऊन बसले. आता त्या पट्ट्यात, म्हणजे आमणापूर, भिलवडी, अंकलखोप, औदुंबर, पार डिग्रजपर्यंत, मगरी आहेत हे तिकडच्या पोराटोरांनाही माहीत आहे. माणसांवर हल्ले झालेत, जीव गेलेत. अण्णांना सांगितलं तर म्हणतात, "मगर काय आज आली व्हय? तिला तिचं काम हाय, आपल्याला आपलं." आणि त्यांची जुनी सवय अशी की धरलेले मासे दोरीत ओवून ती दोरी पाण्यातच सोडायची, पायाजवळ, म्हणजे मासे ताजे राहतात. म्हणजे मगरीला ताट वाढून ठेवल्यासारखंच की! बायको म्हणते पोराला तिथं न्यायचंच नाही, आणि तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

दुसरी भानगड पोराची. त्यानं यूट्यूब बघून बघून रॉड-रील घ्यायला लावलं, नकली मासे लावून मरळ कशी काढायची ते मला शिकवतो, आणि त्याचं ठाम म्हणणं की मासा धरायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. गेल्या रविवारी बाल्कनीत बसून पकडीनं सगळ्या गळांचे आतले उलटे काटे दाबून सपाट करत होता, म्हणजे सोडताना माशाचं तोंड फाटत नाही म्हणे. हात ओला करूनच माशाला धरायचं, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, हेही त्यानंच सांगितलं. चुकून त्याच्या गळांत अण्णांचेही दोन गळ गेले. अण्णांचे गळ बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात बुचाला टोचून ठेवलेले असतात, त्यातला एक तर माझ्या जन्माआधीचा आहे असं ते सांगतात. काटा सपाट झालेला बघून आधी त्यांना कळेचना काय झालंय, मग घरात जे काय झालं ते इथं लिहीत नाही.

"तोंडात गळ घालायचा, वर काढायचा, फटू काढायचा आन परत सोडायचा? माशाची चेष्टा हाय व्हय ही? खायचा नसंल तर धरायचाच कशाला?" हे अण्णा. आणि पोरगं म्हणतं आबा, अशानंच खडशी संपली. खरं सांगू, मला दोघांचंही पटतं. खडशीचं (महाशीर हो, तीच) पोरानं भलतंच शोधून काढलंय, की तिचं शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री' आणि १८३९ साली सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून नोंदवली. त्याच मुळा-मुठेत आज मी बूट घालूनसुद्धा उतरणार नाही. असो. खडशी चुकून लागलीच तर सोडायची, यावर मात्र अण्णाही हो म्हणालेत, बहुतेक लागणारच नाही या खात्रीनं.

तर माझे प्रश्न असे आहेत, कुणी त्या भागातलं असेल तर प्लीज सांगा. काठावर पाण्यापासून चांगलं उंचावर, बसायला पक्की जागा असेल अशी ठिकाणं कुठली? घाट मला बरा वाटतो कारण पायऱ्या आहेत, पण औदुंबरला दत्ताच्या दारात गळ टाकणं मलाच बरं वाटत नाही आणि समोर भुवनेश्वरीचं देऊळ. बंधाऱ्याचं कसं? पावसाळा सरला की कोल्हापूर बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, वर पाणी तुंबून डोह होतो, खाली खळाळ असतो, अण्णा म्हणतात वाम आणि मरळ तिथंच. पण बंधाऱ्याखालची ओढ वाईट, तिथं मी पोराला सोडणार नाही. नदीला नुसता गळ टाकायला कुणाची परवानगी लागते का? धरणं-तलाव मच्छीमार सोसायट्यांना ठेक्यानं दिलेले असतात एवढं ठाऊक आहे. चांदोलीकडं जा असं कुणी सुचवू नका, ते राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्प, तिथं मासे धरता येत नाहीत.

आणि मासे खायचे का? मध्येच कधीतरी मळीचं पाणी सुटून मासे मरून वर आल्याच्या बातम्या येतात. अण्णा धरतील ते तिथंच चुलीवर करून खाणार, हे मी बदलू शकत नाही.

अपडेट: एवढ्या लोकांनी लिहिलं, मनापासून आभार. अंकलखोपकडच्या एका दादांनी फोनवर अर्धा तास सांगितलं, त्यातलं इथं टाकतो, बाकीच्यांना उपयोगी पडेल. थंडीत मगरी ऊन खायला काठावर येतात. उजाडताच जाऊन बसायचा हट्ट सोडायचा, नऊनंतर जायचं, आधी दोन्ही काठ नीट न्याहाळायचे. चिखलात पोट घासत गेल्याचा गुळगुळीत पट्टा दिसला की ती जागा सोडायची. दिवस मावळायच्या आत उठायचं. मासे पाण्यात बांधून ठेवायचे नाहीत, काठावर साफ करायचे नाहीत, आतडी पाण्यात फेकायची नाहीत, बादली घेऊन जा म्हणाले. हात-पाय धुवायलासुद्धा पाण्यात वाकायचं नाही, घरून कॅन न्या. फेब्रुवारीपासून पुढं त्या काठावर अंडी घालतात आणि मादी जागा सोडत नाही, तेव्हा तर तिकडं फिरकूच नका. पोरासाठी त्यांनी गावाजवळचा एक पाझर तलाव सुचवलाय, सोसायटीच्या चेअरमनना विचारून बसता येतं, तिथं मगर नाही. म्हणजे दोन दिवस तलाव, आणि एक दिवस अण्णा आणि मी दोघंच नदीवर. बायको एवढ्याला तयार झालीय.

अण्णांना बादलीचं सांगितलं. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बादलीत मासा उकडतोय." मी म्हटलं बर्फ घेऊ. त्यावर नुसतं बघितलं माझ्याकडं.

आता शेवटची एक मदत. त्यांची कळकाची काठी मधोमध तडकलीय आणि पोराच्या रॉडला ते हात लावणार नाहीत. भिलवडी, पलूस किंवा तासगावच्या बाजारात सरळ वाळलेला कळक, जाड तंगूस (गळाची नायलॉन दोरी) आणि तरंगायला ज्वारीच्या ताटाचं बेंड मिळेल का, की पुण्यातूनच न्यावं? तंगूस इथं मिळतो, बेंड कुठं शोधू? गांडुळांचं विचारलं तर म्हणाले कुठल्याही उसाच्या सरीत खुरपं घाल. कुणाच्या सरीत, ते नाही सांगितलं. पाझर तलावाजवळ कुणाचा ऊस असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, खुरपं माझं.