मांजर डोकं हलवतं तेव्हा बोर्ड रीसेट का होतो?

आजी-आजोबांसाठी घरी बनवलेल्या बोलक्या रोबो-मांजराबद्दल विचारलंय की मान वळली की त्यातला ईएसपी३२-एस३ (छोटा कंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो, आणि मांजर स्वतःच्याच बोलण्याला उत्तर देत बसतं. दोन्ही दुखणी वेगळी.

रीसेटचं कारण बहुधा सर्वो, म्हणजे मान वळवणारी छोटी मोटर. एसजी९० हा नेहमीचा छोटा सर्वो अडकला की अर्ध्या अँपिअरच्या पुढे खेचतो आणि व्होल्टेज खाली बसतं. सर्वोला बोर्डाच्या पिनवरून नको, थेट ५ व्होल्टच्या सप्लायवरून वीज द्या, त्याच्याजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि ग्राउंड मात्र एकच ठेवा. हे विसरलं तर मान नुसती थरथरते.

स्वसंवादाला साधा उपाय: स्पीकर चालू असेपर्यंत माइकचा डेटा टाकून द्या, थांबल्यावरही साधारण ३०० मिलिसेकंद. मध्येच टोकता येणार नाही, पण आजी-आजोबांच्या वापराला चालतं. स्पीकर पोटात, माइक कपाळावर, मध्ये फोम. आयएनएमपी४४१ या माइकचं छिद्र बोर्डाच्या खालच्या बाजूला असतं, ते फरखाली झाकलं तर शब्द गिळले जातात. तिथे पातळ जाळीचं कापड लावा. माइकची एल/आर पिन (डावा की उजवा चॅनेल ते ठरवणारी) लोंबकळती ठेवू नका, ग्राउंडला जोडा.

आणि फरच्या आत चार्जिंग? नाशिकच्या मे महिन्यात तर नकोच. लिथियम सेल ४५ अंशांच्या पुढे चार्ज करायचा नसतो. बॅटरी बाहेर काढता येईल अशी चेन पोटाला शिवा.

आकार मांजराचाच हवा का, हेही बघा. जपानच्या ‘पारो’ या सोबती रोबोला सीलचं पिल्लू केलं, कारण खरं सील कुणी पाळलेलं नसतं, त्यामुळे तुलना होत नाही. मांजर मात्र घरोघरी.