एम१ वरून एम३ एअर: घाई नको

तुमच्याकडे २०२२ चा, ॲपलच्या एम१ प्रोसेसरचा आयपॅड एअर टॅबलेट आहे, वापर चित्रं काढण्यासाठी आणि नोट्स लिहिण्यासाठी, आणि आता २०२५ चा, एम३ प्रोसेसरचा एअर घ्यावासा वाटतोय. माझं स्पष्ट मत, घेऊ नका.

अशा वेळी सगळे प्रोसेसरच्या वेगावर बोलतात, पण पेन्सिलचा, म्हणजे स्क्रीनवर लिहायच्या डिजिटल पेनचा, मुद्दा राहूनच जातो. तुमची दुसऱ्या पिढीची ॲपल पेन्सिल एम३ एअरवर चालणार नाही. २०२४ च्या एम२ एअरपासून पुढचा कॅमेरा आडव्या कडेला गेला, पेन्सिल चिकटून चार्ज होते त्याच कडेला. त्यामुळे चार्जिंगची रचना बदलली आणि पेन्सिल प्रो किंवा यूएसबी-सी वाली पेन्सिल घ्यावी लागते. त्यातही यूएसबी-सी वालीला दाबाचा फरक कळत नाही, म्हणजे दाबानुसार रेघ जाड-बारीक करायची तर पेन्सिल प्रोच हवी. हा खर्च आधी हिशेबात धरा.

बरं, एवढं करून स्क्रीन तीच, ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारी. पेन्सिल फिरवताना रेघ किंचित मागे राहते, ते एम३ ने फारसं बदलणार नाही. त्यासाठी १२० हर्ट्झचा आयपॅड प्रो बघावा लागेल. रॅमही दोन्हीत ८ जीबीच, आणि आयपॅडओएस २६ ही ऑपरेटिंग सिस्टीम एम१ वर व्यवस्थित मिळते.

एक अडचण मात्र खरी आहे: तुमचा एअर ६४ जीबीवाला असेल तर फायली साठवायची जागा कमी. प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या ॲपच्या फायलींनी ती भरत आली असेल, तर जुन्या फायली बाहेरून जोडायच्या एसएसडी ड्राइव्हवर हलवा, पोर्ट यूएसबी-सीच आहे. बॅटरी लवकर उतरत असेल तर तीही बदलून मिळते.